हिल्डाचं मत आणि माझी काळी फीत

हिल्डा, तू शांतपणे गेलीस असं चर्चमधल्या फादरनी सांगितलं आणि मला तिथेच संशय आला. आपल्या शेजारात तू एकही गोष्ट शांतपणे केल्याचं मला आठवत नाही. अंगणातली पानं गोळा करायचीस ती सुद्धा झाडाशी भांडत. म्हणून फ्युनरल होममध्ये मी आधी पेटीत वाकून बघितलं, आत तूच आहेस ना. गालांना लाली, ओठांना गुलाबी रंग. जिने माझ्यासमोर कधी पावडरचा डबा उघडला नाही, तिला जाताना नटवलं होतं.

मी मिलिंदला म्हटलं, "ही ती नव्हे."

"आई, हळू."

"मराठीत बोलतेय."

"चेहरा सगळ्यांना कळतोय तुझा."

मग नमस्कार करायला गेले तर पाय सापडेनात. पेटीच्या झाकणाचा खालचा अर्धा भाग बंद. आता मेलेल्या माणसाच्या पाया पडायचं तरी कसं या देशात? शेवटी पेटीच्या कडेलाच हात लावून कपाळाला लावला. मागे उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, मी लाकूड कसलं आहे ते तपासतेय. तू असतीस तर महिनाभर हे पुरवून पुरवून सांगितलं असतंस.

तुला मी 'तू' म्हणतेय त्याबद्दल तुझी परवानगी आहे, हे इथे नोंदवून ठेवते. आपण बोलायचो इंग्रजीत. माझं बेळगावच्या शाळेतलं, तुझं जर्मन घशातलं. एकदा तू म्हणालीस, "आपण जर्मनमध्ये बोलत असतो तर तिसऱ्या वर्षी मी तुला अहो सोडून अगं म्हणाले असते." मी म्हटलं, "मी मराठीत पहिल्याच दिवशी मनात अगं म्हटलं." "आदर नव्हता?" "संशय होता. संशयिताला आम्ही अहोजाहो करत नाही."

संशय येणार नाही तर काय होईल? मी मिलिंदकडे नवीनच आले होते. तो कॉम्प्युटरवर, सून सुप्रिया बँकेत, नात ईशा लहान, म्हणून बेळगावहून आजीची आयात. अमेरिकेतल्या आयसेलिनमधलं हे घर, पलीकडे ओक ट्री रोडवरची दुकानं, आणि आपल्या दोन अंगणांच्या मधोमध तो मॅपल. त्यात एक नोव्हेंबर उजाडला. तुला हे मी नंतर इतक्यांदा सांगितलं की तू झोपेतही म्हणून दाखवलं असतंस: छप्पन साली याच दिवशी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, आमचं मराठी बोलणारं बेळगाव मुंबई राज्यातून उचलून म्हैसूरच्या, म्हणजे आताच्या कर्नाटकच्या पदरात टाकलं, आणि तेव्हापासून आम्ही मराठी माणसं तो काळा दिवस पाळतो. काळी फीत लावायची, फेरी काढायची, दुकानं बंद.

आयसेलिनमध्ये फेरी कुठून आणू? स्वेटरला काळी फीत टाचली आणि गॅरेजपासून टपालपेटीपर्यंत एकटीच येरझाऱ्या घालायला लागले. ईशा दारातून म्हणाली, "आजी, हॅलोविन वॉज यस्टरडे." समोरच्या घरातल्या गृहस्थांनाही तसंच वाटलं असावं. ते येऊन उरलेली चॉकलेटं माझ्या हातात ठेवून गेले. निषेधाचा इतका गोड शेवट बेळगावात कधी झाला नव्हता.

आणि तेवढ्यात तू बाहेर आलीस. काळा कोट, काळी टोपी, हातात लाल काचेचा दिवा. माझ्या फितीकडे बघून थांबलीस.

"तुमचं कोण गेलं?"

"गाव."

"सगळं?"

"सगळं."

तू मान हलवलीस, जशी काही रोज गावं जातात. "माझंही गेलं होतं. दोनदा. चला."

मी, जी मिलिंदच्या मित्राच्या गाडीतसुद्धा चौकशी केल्याशिवाय बसत नसे, ती तुझ्या गाडीत बसले. मला वाटलं, तुमच्याही सीमाभागाची काही समिती असावी आणि आज सभा असावी. तू नेलंस स्मशानात. तुम्हा कॅथलिक लोकांचा तो मृतांच्या थडग्यांवर दिवे लावायचा दिवस, हे मला काय ठाऊक? तू माझी फीत बघून समजलीस की हीसुद्धा आपल्यातलीच. तुझ्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या थडग्यापाशी दिवा ठेवलास, पिशवीतून दुसरा काढलास आणि म्हणालीस, "हा तुमच्या गावाला." मी तो कुंपणापाशी ठेवला. गावाचं थडगं कुठे असतं ते दोघींनाही माहीत नव्हतं.

दर वर्षी तेच. फीत माझी, दिवे तुझे. कोण कुणाच्या सुतकात सामील होतंय हे आपण कधी स्पष्ट केलं नाही.

त्यानंतर ताटं सुरू झाली. तू तुमच्याकडचा बटाट्याचा जाड, खरपूस पोळा आणलास. मी ताटलीभोवती फिरून बघितलं.

"यात काय आहे?"

"बटाटा."

"आणखी?"

"कांदा."

"आणखी?"

"तू पोलीस आहेस का?"

होतंच त्यात डुकराचं काहीतरी. पुढच्या खेपेला ते न घालता केलास, आणि तरी मी आधी सुप्रियाला खायला लावलं. तू तरी काय साधी होतीस? मी घरी दूध आटवून बेळगावी कुंदा केला, तर त्याचा तपकिरी रंग बघून तू विचारलंस, "हे करपलंय की असंच असतं?" मग चमचाभर जिभेवर ठेवून इतका वेळ गप्प बसलीस की मला वाटलं जर्मनीला कळवून मग उत्तर देणार.

तुझी हकिकत तू अशी तुकड्यातुकड्यांनीच दिलीस, आणि दर तुकड्याला माझा संशय वाढत गेला. सारलांड. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या मधला एवढासा मुलूख, पण पोटात कोळसा. तुझे वडील खाणीत. तू जन्मलीस तेव्हा सगळ्या राष्ट्रांची मिळून एक सभा तुमच्यावर राज्य करत होती, शाळेत गेलीस तेव्हा जर्मनी, महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्सची माणसं येऊन बसली. तुमचं सरकार वेगळं, पोस्टाची तिकिटं वेगळी, पैसे फ्रेंच. फुटबॉलची टीमसुद्धा वेगळी, आणि ती जर्मनीकडून हरली तेव्हा तुझे वडील आनंदाने नाचले. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आपलीच टीम हरल्यावर नाचणारी माणसं फक्त सीमाभागात असतात.

आणि तू? तू त्या सरकारच्या कचेरीत टायपिस्ट. फ्रान्स आणि जर्मनी यांनी पॅरिसमध्ये बसून तोडगा काढला की हा मुलूख ना तुमचा ना आमचा, याला युरोपचा करू. वर युरोपचा एक आयुक्त बसवू. आणि अंतिम शांतता तह होईपर्यंत असंच चालू दे. लोकांनी मतदानात हो म्हटलं तर लागू. त्या तोडग्याला तुम्ही स्टॅच्यूट म्हणायचात. त्याचे कागद तू टाइप केलेस. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे जर्मन. तुझ्या साहेबाचा दंडक असा की दोन्ही रकाने एकाच ओळीवर संपले पाहिजेत. जर्मन मजकूर खाली लोंबला की फ्रेंच पाहुणा विचारणार, यांनी जास्तीचं काय घातलं? म्हणून तू शब्दांमधली जागा कुठे दाबून, कुठे सैल सोडून दोन्ही बाजू बरोबरीत आणायचीस. "मजकूर कुणी वाचतच नव्हतं," तू म्हणायचीस, "लांबी बघायचे."

मी तेव्हाच ठरवून टाकलं की तू फितूर. ज्या बाईने स्वतःच्या हाताने 'ना तुमचं ना आमचं' असं टाइप केलं, तिने मतही तसंच दिलं असणार. बेळगावात कुणी म्हणालं असतं की ना महाराष्ट्र ना कर्नाटक, दिल्लीच्या ताब्यात देऊ या आणि मिटवू या, तर मी त्याला चहासुद्धा दिला नसता.

"मी तरुणपणी कशी होते ते तुला माहीत नाही," असं मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हटलं. तू म्हणालीस, "सांग ना." सांगितलं, आणि पस्तावले.

मी तेव्हा विशीतली, भूगोलाची मास्तरीण. फळ्यावर नकाशा काढताना बेळगाव महाराष्ट्रात रंगवायची, तेही केशरी खडूने, ठळक. पोरांनी परीक्षेत तसंच रंगवलं आणि सगळ्यांचे गुण कापले गेले. हेडमास्तरांनी बोलावलं तर मी मान ताठ करून म्हणाले, "हे बलिदान आहे, सर." ते म्हणाले, "बाई, बलिदान तुमचं असतं तर गोष्ट वेगळी होती." पण माझी मुख्य प्रतिज्ञा होती ती कानडी पाटी न वाचण्याची. कानडी मला उत्तम येत होतं, आमच्या आळीत निम्मी घरं कानडीच. पण वाचायचं नाही म्हणजे नाही. एकदा मावशीच्या घरी खानापूरला जायचं म्हणून स्टँडवर गेले, बसवरच्या कानडी पाटीकडे निग्रहाने पाठ केली, अंदाजाने एका बसमध्ये चढले आणि डबा मांडीवर घेऊन थेट गोकाकला उतरले. बरोबर उलट्या दिशेला. कंडक्टर कानडीत म्हणाला, "अक्का, पाटी बघितली नाही का?" मी त्यालाही मराठीतच उत्तर दिलं. रात्रीपर्यंत मावशीकडे आरडाओरड, आणि मी गोकाकच्या स्टँडवर हुतात्म्यासारखी बसलेली, पुरणपोळ्या खात. पुढच्या दिवाळीपर्यंत बेळगाव महाराष्ट्रात येणार आणि तोवर एक शब्द वाचायचा नाही, एवढाच काय तो प्रश्न असं मला वाटायचं. त्या दिवाळीचे अनारसे अजून व्हायचेत.

तू इतकी हसलीस की डोळे पुसायला तुझ्याच पोळ्याखालचा रुमाल ओढलास. मग म्हणालीस, "तू ग्रेटासारखी आहेस."

ग्रेटा, तुझी धाकटी बहीण. पंचावन्नच्या त्या मतदानाआधी तीन महिने तुमच्या घरात जे झालं ते तू एकदाच सांगितलंस, बटाटे किसता किसता. वडील 'नाही'चे. आपण जर्मन, जर्मनीत जायचं, युरोप कसला. ग्रेटा तर भिंतींवर 'नाही'ची पत्रकं चिकटवत फिरायची, नखांत खळ घेऊन जेवायला बसायची. आणि मधे तू, 'हो'वाल्यांच्या कचेरीतून घरी येणारी. मतदान झालं. मोठमोठ्या मुत्सद्द्यांना वाटलं होतं लोक हो म्हणतील. तिघांतल्या दोघांनी नाही म्हटलं. फ्रान्सने बदल्यात आपल्या बोटींसाठी कालवा आणि कोळसा पदरात घेऊन हात वर केले आणि तुमचा मुलूख जर्मनीत गेला. मुत्सद्द्यांचं मिटलं. घरी ग्रेटाने विचारलं, "तू काय टाकलंस?"

तू म्हणालीस, "मत गुप्त असतं."

ती म्हणाली, "म्हणजे हो."

तू पुन्हा म्हणालीस, "मत गुप्त असतं." बस्स. त्या एका वाक्यावर तुमचं बोलणं बंद झालं. पुढे तू वॉल्टरशी लग्न करून अमेरिकेत आलीस, वडील गेले, तुमचे केस पांढरे झाले, आणि ते वाक्य तिथेच उभं.

इथे आपलं भांडण आहे, हिल्डा, आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. मी म्हणायची, तुम्ही नशीबवान. तुम्हाला विचारलं तरी. आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही, नकाशावर रेघ ओढली आणि निजलेली माणसं दुसऱ्या राज्यात जागी झाली. तू म्हणायचीस, "तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्ही सगळे मिळून चिडता. आम्हाला विचारलं, म्हणून आम्ही एकमेकांवर चिडलो."

"म्हणून काय विचारूच नये?"

"विचारावं. पण मग घरी येऊन पुन्हा विचारू नये."

मी म्हणायची, हा फितुराचा युक्तिवाद. 'नाही' टाकलं असतंस तर छाती ठोकून सांगितलं असतंस. तू म्हणायचीस, "बरोबर ग्रेटा." मग मी दोन दिवस यायची नाही. तिसऱ्या दिवशी मॅपलची पानं निमित्ताला असायचीच. ती आपल्या सामाईक हद्दीत पडत. तू म्हणालीस, आपण या झाडाला युरोपचा दर्जा देऊ, दोघींनी मिळून झाडायचं. मी पडद्याआडून बघायची, तू तुझ्याकडची पानं माझ्या ढिगात सारत तर नाहीस. सारत होतीस. मी पण सारत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात तुझ्या पोटात काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं. तू ते मला पानांच्या ढिगाइतक्या सहजपणे सांगितलंस, आणि मग म्हणालीस, "ग्रेटाला बघायचंय." एवढंच. पाणी प्यायचंय म्हणावं तसं.

फोन मी लावला. तिकडे ग्रेटाचा मुलगा थॉमस, त्याला इंग्रजी चांगलं येतं. त्याने आईला विचारलं. जर्मनमध्ये बराच वेळ गडगडाट ऐकू आला, दार आपटलं, कुणीतरी नाक शिंकरलं. मग थॉमस म्हणाला, "आई म्हणते, तिने काय मत दिलं ते आधी सांगू दे. मग येईन."

तू उशीवरून म्हणालीस, "आधी येऊ दे. मग बघू."

असा ऑगस्ट गेला. मी तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. आयुष्यात कुणाची मध्यस्थी केली नाही, मी नेहमी बाजू घेणारी. आणि दोन्हीकडून मलाच संशयाने बघत होते. थॉमसने पाच मिनिटं आईशी बोलून मला एकच वाक्य सांगितलं, "नाही म्हणते," आणि मी तुला तेवढंच सांगितलं, तर तू डोळे बारीक केलेस. "एवढा वेळ बोलली आणि एवढंच? तू काय गाळलंस?" तेव्हा मला तुझे रकाने आठवले. त्यानंतर मी प्रत्येक निरोप बरोबर तेवढ्याच लांबीचा करून द्यायला लागले. "तिकडे पाऊस आहे. ग्रेटाचे गुडघे दुखतात. थॉमसच्या मुलीला पहिला दात आला. आणि नाही म्हणते." तू समाधानाने मान हलवायचीस. तिकडेही तसंच. "आज तिने थोडं सूप घेतलं. नर्स चांगली आहे पण शिट्टी वाजवते. मॅपल लाल होतोय. आणि ती म्हणते, आधी ये." मजकुरापेक्षा लांबीवर माणसं लवकर विरघळतात, हे तुमच्या साहेबाला कुणी शिकवलं असेल?

एक दिवस थॉमस बोलता बोलता म्हणाला की तो हल्ली ब्रेड आणायला फ्रान्समध्ये जातो. हद्दीवरची चौकी बंद, खिडकीला फळ्या ठोकल्यात, गाडीचा वेगसुद्धा कमी करावा लागत नाही. हे मी तुला सांगितलं. तू पांघरूण बाजूला सारलंस. मग म्हणालीस, "मग ग्रेटा कशावर रागावून बसलीय?"

"तेच मी तुझ्याबद्दल म्हणते. सांगून टाक ना बये. दोन शब्दांतला एक. ती उद्या विमानात बसेल."

"तोच एक शब्द आहे माझ्याकडे जो कुणी टाइप करून घेतला नाही."

"मला तरी सांग."

"तू ग्रेटाला सांगशील."

"नाही सांगणार."

"मग तुला सांगून काय उपयोग?"

त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की कुंद्याचं भांडं मी परत घेऊन आले. घरी सुप्रिया म्हणाली, "आई, त्या काकू आजारी आहेत हो." मी म्हटलं, "आजारी आहे, गरीब नाही." पण दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, कारण कुंदा कुणालातरी संपवायलाच हवा.

शेवटी तोडगा मीच काढला. ग्रेटाने यायचं. प्रश्न विचारायचा नाही. तू आपणहून काही सांगायचं नाही. प्रश्न रद्द नाही, फक्त बाजूला, दोघींची मर्जी होईपर्यंत. दोन्हीकडे सारख्या लांबीत पोचवला. आठवडाभर तिकडून आवाज नाही. मग थॉमसचा फोन आला: ग्रेटाला मान्य, एक नोव्हेंबरच्या आधी येतो.

तुला सांगितलं तर तू हसलीस. हसायला तुला तेव्हा फार कष्ट पडत होते. "म्हणजे पुन्हा स्टॅच्यूट."

"हो."

"तेव्हाही असंच लिहिलं होतं. अंतिम शांतता तह होईपर्यंत."

"मग?"

"तह झालाच नाही."

आणि मग म्हणालीस, "बटाटे फार बारीक किसू नकोस. ग्रेटाला जाड लागतात." ते तुझं मला कळलेलं शेवटचं वाक्य. पुढची जर्मनमध्ये होती.

तू गेलीस तेव्हा ग्रेटा विमानात होती. समुद्रावर कुठेतरी, कुठल्याच देशात नाही. मिलिंद तिला आणि थॉमसला घ्यायला एअरपोर्टवर गेला आणि गाडीतच त्याला सांगावं लागलं. तो म्हणतो, तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. तुझा मला खूप राग आहे, हिल्डा. एक शब्द दिला असतास तर ती ऑगस्टमध्ये आली असती. तिचाही राग आहे. एक शब्द मागितला नसता तर तीही ऑगस्टमध्येच आली असती. दोन्ही रकाने बरोबर एकाच ओळीवर संपतात.

ती तुझ्या घरात उतरली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बघणारच. ती एकेक कपाट उघडत होती, ड्रॉवर बाहेर काढत होती, पुस्तकं झटकत होती. मला लगेच कळलं ती काय शोधतेय. तिला जाऊन सांगावंसं वाटलं की बाई, काही सापडायचं नाही, मी सप्टेंबरातच सगळं बघून ठेवलंय.

त्याऐवजी बटाट्याचा पोळा करून नेला. जाड किसून. तिने ताटली उचलली, वास घेतला आणि थॉमसला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "आई विचारते, यात काय आहे?"

"बटाटा."

"आणखी?"

तिथे मला रडू आलं. आधी आलं नव्हतं.

तुला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नोव्हेंबर. मी सवयीने फीत काढली, टाचली, आणि आरशासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की यंदा दिवे कोण आणणार? ग्रेटाने आणले होते. तुझ्याच तळघरातल्या खोक्यातून. मिलिंदने आम्हा सगळ्यांना नेलं. वॉल्टरशेजारी तुझी माती अजून ओली, वर कुणाची तरी पानं. ग्रेटा वाकून पानं वेचायला लागली, एकेक, आणि मला वाटलं, हीसुद्धा माझ्या बाजूला सारतेय की काय.

दिवा लावून झाल्यावर तिने थॉमसकरवी विचारलं, "शेवटी ती काही बोलली का?"

"बटाटे फार बारीक किसू नकोस म्हणाली."

ग्रेटाने मान हलवली. "आणि त्याबद्दल?"

करार असा होता की प्रश्न विचारायचा नाही. पण करार दोघींत होता, आणि आता एकच उरली होती. मी काय सांगायचं? 'नाही' म्हटलं असतं तर ती सुखाने घरी गेली असती. खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "ती म्हणाली, मत गुप्त असतं."

थॉमसने भाषांतर करायच्या आधीच ग्रेटाला कळलं. तेवढं इंग्रजी तिला येत होतं, किंवा ते वाक्य कुठल्याही भाषेत तिला ओळखू आलं असतं. तिने तोंडावर हात धरला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. बराच वेळ. मग तुझ्याकडे बघत जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली.

मी थॉमसकडे बघितलं. तो गोंधळून म्हणाला, "ती म्हणते, मीच आधी सांगायला हवं होतं." आणि आईला विचारलं, "काय सांगायला हवं होतं? ममा, तू काय टाकलं होतंस?"

ग्रेटाने हातमोजे चढवले आणि त्याला गुप्त मताचे तेच तीन शब्द सुनावले. त्याने भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

हिल्डा, आता मला भलताच संशय आहे. नखांत खळ घेऊन फिरणारी ती पोरगी मतदानाच्या पडद्यामागे एकटी असताना काय करून बसली, हे तुला ठाऊक होतं का? तिने इतकी वर्षं तुला विचारलं ते तुला पकडायला, की आपल्याला सोबत मिळावी म्हणून? आणि तू गप्प राहिलीस ती कुणासाठी? माझ्याकडे पुरावा नाही. तुझी कपाटं मी शोधलीत.

निघताना ग्रेटा माझ्यासमोर थांबली. माझ्या स्वेटरवरच्या फितीला बोट लावलं.

"हिल्डा?"

इतक्या वर्षांत या फितीबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सगळा इतिहास ऐकवला आहे. छप्पन साल, रेघ, म्हैसूर, न विचारलेलं मत. बिचारे लोक बसची वाट बघत असतील तरी सोडलं नाही. ग्रेटाला मी काहीच ऐकवलं नाही. मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात तुझ्यासारखेच खरखरीत आहेत.

गाडीत मी पुढे बसले. ग्रेटा मागे डोळे मिटून. मिलिंद जरा वेळाने मराठीत, हळूच म्हणाला, "आई, यंदा फीत कुणासाठी? बेळगावसाठी की काकूंसाठी?"

"तू रस्त्याकडे बघ."

"सहज विचारलं गं."

"सहजच विचारतात सगळे."

तो रस्त्याकडे बघायला लागला. पण वळणावर तिरक्या नजरेने पुन्हा माझ्याकडे बघितलंच. त्याला काय संशय आलाय ते मला कळलं, हिल्डा. येऊ दे.